कमिशन कुणाच्या खिशातले?

गेल्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. बहीण बाळापुरातच राहते, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. ओवाळणे झाले, फराळ झाला. निघण्यासाठी चपला पायात घालणार, तोच भाची म्हणाली, "मामा, लगेच जाऊ नका. तुमच्याशी काम हाये."

भाची बी. कॉम. झालेली. लग्न गावातच झाले. नवऱ्याचे छोटे दुकान, दोन मुले शाळेत. शिकवण्या, वह्या-पुस्तके, सासूबाईंची औषधे असा चारचौघांसारखा संसार. तिला त्या महिन्यात भिशी लागली होती. पंधरा हजार रुपये हाती आले होते आणि त्यातून घरबसल्या काहीतरी उत्पन्न सुरू करावे, असे तिच्या मनात होते.

तिने फोन माझ्यापुढे धरला. दोन गोष्टी होत्या. पहिली एका कंपनीची. पंधरा हजारांचा 'किट' घ्यायचा. त्यात पावडरी, तेले, साबण. मग आपल्याखाली सहा माणसे जोडायची. त्या सहांनी आणखी सहा-सहा जोडायची. जो जो आत येईल, त्याच्या पैशातला वाटा वर आपल्याला. दुसरी गोष्ट वेगळी होती. मोठ्या ऑनलाइन दुकानात मोफत नाव नोंदवायचे. दुकानातल्या एखाद्या वस्तूची आपल्या नावाची लिंक ओळखीच्यांना पाठवायची. कुणी त्या लिंकवरून वस्तू घेतली की थोडी टक्केवारी आपल्या खात्यात.

"याले अफिलिएट मार्केटिंग म्हणतात, मामा. पण यात लई कमी भेटते. किटवाल्यात जास्त हाये. तुमी बँकेत होते. सांगा, यातलं कोनतं धरू?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो."

खरे तर उत्तर तेव्हाच देता आले असते. आयुष्यातली पस्तीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या आत काढलेल्या माणसाला असल्या किटचे भविष्य सांगायला पंचांग लागत नाही. पण तिच्या प्रश्नाने माझ्या मनातल्या एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवले होते. ते काय, हे ओघात येईलच.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे नदीकडे फिरायला गेलो. आमच्या बाळापूरला मन आणि म्हैस या दोन नद्यांचा संगम आहे. वर किल्ला आणि अलीकडे मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. छत्रीच्या ओट्यावर बसलो की मला हटकून वडील आठवतात. आम्ही कास्तकार माणसे. १९७२ च्या सुमाराला राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्याआधी वडील कापूस घेऊन अकोल्याच्या बाजारात जात आणि अडत्यामार्फत विकत. परत आले की कोटाच्या खिशातून हिशेबाची पट्टी काढून कंदिलाच्या उजेडात आईला वाचून दाखवत. माल इतका, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी, अडत इतकी. मी लहान होतो. एकदा विचारले, "बाबा, अडत्या आपले पैसे काहून कापते?" वडील म्हणाले, "त्यानं गिऱ्हाईक आनलं, त्याचे पैसे कापले. पट्टीवर लिवून कापते तोवर त्याच्याशी भांडन नाही. लिवल्याबिगर कापलं, तं चोरी."

वऱ्हाडी माणसाला दलाली नवी नाही. किंबहुना दलालीला शिस्त लावण्याचे काम या देशात आपल्याच मुलखात फार लवकर सुरू झाले. वऱ्हाडातल्या कारंज्याला १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ तिथवर जाते. बाजार कुठे भरावा, तिथे कोणी बसावे, तोलाई-दलाली कशी घ्यावी, याला नियम पाहिजेत, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच उमगले होते. दलाली बंद करा, असे कुणी म्हटले नाही. ती उघड्यावर आणा, एवढेच म्हटले.

भाचीच्या फोनमधली ती लिंक म्हणजे तरी काय? अडतच. फक्त बैलगाडीच्या जागी मोबाइल आला. अमेरिकेतल्या ॲमेझॉन या कंपनीने १९९६ साली, जेव्हा ती मुख्यतः पुस्तके विकत होती, तेव्हा ही पद्धत सुरू केली. ज्याच्या शिफारशीवरून गिऱ्हाईक आले, त्याला विक्रीतला वाटा द्यायचा. पुढे जगभरच्या दुकानांनी ती उचलली. २०१३ साली तीच कंपनी भारतात दुकान मांडून बसली आणि ही वाट आपल्याकडेही रुळली. यात गिऱ्हाईक एरवी जी किंमत देते तीच देते. शिफारस करणाऱ्याचा वाटा दुकानदार आपल्या नफ्यातून देतो. वस्तू विकली गेली नाही, तर कुणालाच काही मिळत नाही.

किटची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिथे वस्तू नावापुरती. खरा माल म्हणजे माणूस. पैसा येतो तो साबणाच्या गिऱ्हाइकाकडून नव्हे, तर मागाहून आत शिरणाऱ्याच्या खिशातून.

दुसऱ्या दिवशी भाची वही घेऊन माझ्याकडे आली. मी तिला आधी गणित घालायला लावले. तू सहा जणांना जोडलेस. त्या सहांनी सहा-सहा, म्हणजे छत्तीस. मग दोनशे सोळा. मग बाराशे शहाण्णव. ती गुणत गेली. सहाव्या पायरीला ४६,६५६ माणसे लागली. सातव्या पायरीला २,७९,९३६. आठव्या पायरीला १६,७९,६१६. आठही पायऱ्यांची बेरीज केली ती २०,१५,५३८ आली. मी म्हणालो, "२०११ च्या जनगणनेत अख्ख्या अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १८,१३,९०६ होती. त्यात तान्ही लेकरेसुद्धा आली. आठव्या पायरीलाच जिल्हा संपला. आता नवव्या पायरीवरच्या एक कोटी माणसांना तू कुठून आणशील?"

ती वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पन मामा, पयल्या पायरीवरच्यायले तं भेटतेच ना पैसे?"

अगदी बरोबर. म्हणून तर हे धंदे चालतात. १९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत दीडपट पैसे देतो म्हणून सांगितले. पहिल्यांना खरोखरच दिले, पण ते मागून येणाऱ्यांचे होते. १९९७ साली अल्बानिया या देशात अशा योजना एकामागून एक कोसळल्या आणि लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे 'प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन' योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ सालचा आहे. तरी २०११ साली 'स्पीक एशिया'चे प्रकरण झालेच. ११ हजार रुपये भरा, घरबसल्या संगणकावर प्रश्नावल्या भरा आणि आठवड्याला हजार रुपये मिळवा, अशी ती योजना होती. लाखो लोक तीत शिरले आणि शेवटी प्रकरण पोलिसांकडे गेले.

मग घरोघरी जाऊन माल विकणाऱ्या सगळ्याच कंपन्या खोट्या काय? तसे नाही. त्यातल्या काही खरोखर माल विकतात. केंद्र सरकारने अशा थेट विक्रीसाठी २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. त्या सूचनांचे सार कुठल्याही गृहिणीला कळेल असे आहे. आत येण्यासाठी शुल्क नको. केवळ नवा माणूस आणला म्हणून मोबदला नको. नको असलेला माल परत करण्याची सोय हवी. २०२१ च्या नियमांनी तर पिरॅमिड पद्धतीला आणि पैसे नुसतेच फिरवण्याच्या योजनांना स्पष्ट मनाई केली आहे. भाचीच्या फोनमधली योजना या पहिल्याच दारावर अडखळत होती. म्हणून मी तिच्या वहीत पहिला नियम लिहून दिला. जिथे कमावण्यासाठी आधी आपणच पैसे भरायचे, तिथून मागे फिरायचे.

याच नियमात आजकालचा आणखी एक सापळा बसतो. फोनवर निरोप येतो. हॉटेलांना तारे द्या, व्हिडिओ आवडल्याची खूण करा, रोज पैसे मिळवा. पहिल्या दिवशी शे-दीडशे रुपये खरेच जमा होतात. मग 'मोठ्या कामासाठी' थोडी रक्कम आधी भरायला सांगतात आणि ती रक्कम पुन्हा दिसत नाही. असे कुणाचे झाले असेल तर लाजून घरात बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

"म्हणजे लिंकवालंच धरू?" भाचीने विचारले.

मी म्हणालो, "थांब. दार चांगले आहे म्हणून आतले सगळेच चांगले असते असे नाही."

आमची मावशी पोस्टाची एजंट होती. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ साली सुरू झाली. त्या योजनेत बायका घरोघरी जाऊन पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करतात आणि सरकार त्यांना ४ टक्के कमिशन देते. ठेवीदाराच्या पैशाला हात लागत नाही. मावशी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कापडी पिशवी घेऊन निघायची. कुणाचे वीस, कुणाचे पन्नास. एखादीकडे त्या महिन्यात नसतील तर स्वतःच्या पदरचे भरायची, पण खाते तुटू द्यायची नाही. खाते चालले तर तिचे कमिशन चालणार, हे खरेच. पण ते चालले तर त्या बाईच्या पोरीच्या लग्नालाही पैसे उभे राहणार. दोघींचे भले एकाच गोष्टीत होते. चांगले कमिशन ओळखायची मला ठाऊक असलेली ही सर्वांत सोपी खूण. विकत घेणाऱ्याचे भले झाले तरच विकणाऱ्याचे होते ना, एवढे पाहायचे.

आता ते जुने दुखणे.

२००७ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तेव्हा बँकांमधून विम्याच्या पॉलिसी विकण्याची धूम होती. वरून दर आठवड्याला फोन येत. इतक्या पॉलिसी का झाल्या नाहीत? शेजारच्या शाखेच्या कशा झाल्या? शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिप नावाच्या पॉलिसी होत्या. तेव्हाच्या युलिपमध्ये सुरुवातीच्या हप्त्यातला मोठा वाटा खर्चापोटी कापला जाई आणि त्यातूनच विकणाऱ्याचे कमिशन निघे. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षिका येत. यजमान वारलेले, मूलबाळ नाही. त्यांची मुदत ठेव संपली होती. मी त्यांना माझ्या केबिनमध्ये बसवले, चहा मागवला आणि म्हणालो, "बाई, ठेवीपेक्षा यात जास्त मिळेल." त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "साहेब, तुम्ही सांगता ना?" मी म्हणालो, "मी सांगतो." त्यांनी सही केली.

हप्ता दर वर्षी भरायचा होता. त्यांना वाटले, एकदाच. मी खोटे बोललो नाही, पण नीट समजावूनही सांगितले नाही. २००८ साली बाजार कोसळला. बाईंनी पेन्शनमधून कसेबसे तीन हप्ते भरले आणि सुटका करून घेतली. भरले त्यापेक्षा कमी हाती आले. १ सप्टेंबर २०१० पासून विमा नियामकाने या पॉलिसींच्या खर्चावर मर्यादा घातल्या, तोवर माझी बदली झाली होती. त्या वर्षी आमच्या शाखेला विमाविक्रीची ढाल मिळाली होती. ती स्वीकारतानाचा माझा फोटो अजून घरात कुठेतरी आहे.

हे मी भाचीला सांगितले. आजवर घरात कुणाला सांगितले नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी तिच्या वहीत दुसरा नियम लिहिला. जिथे कमिशन फार जास्त, तिथे ते का जास्त आहे, हे आधी विचारायचे. साडी, कुकर, पुस्तक यांवर थोडी टक्केवारी मिळते. पण झटपट कर्ज देणारी ॲप, शेअरच्या उलाढालीचे खाते, क्रेडिट कार्ड यांची लिंक पाठवली तर एका माणसामागे शेकड्याने रुपये देऊ करतात. तो माणूस पुढे अडकेल, व्याज भरेल, पैसे घालवेल, या हिशेबावर ते शेकडे ठरलेले असू शकतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली. पैशाच्या वस्तूंना आपण हातच लावायचा नाही, असे आमचे ठरले. साडी फाटली तर माणूस चार शिव्या घालील. ठेव बुडाली तर तोंड पाहणार नाही.

मग आम्ही बारीक अक्षरातले करार वाचायला बसलो. बँकेतल्या नोकरीचा एवढा एक उपयोग झाला. टक्का मोठा दिसला म्हणून भुलायचे नाही, हे वाचता वाचता कळत गेले. वस्तू परत गेली की कमिशनही परत जाते. कपड्यांवर टक्का जास्त दिसतो, पण कपडे परतही फार जातात. लिंक उघडल्यापासून किती वेळात खरेदी झाली पाहिजे, यालाही मुदत असते. काही ठिकाणी ती फक्त चोवीस तासांची. काही ठिकाणी सहा महिन्यांत ठरावीक विक्री झाली नाही तर खाते बंद होते. आपल्याच लिंकवरून आपणच खरेदी केली तर ती बहुधा धरत नाहीत. किती रक्कम साठल्यावर पैसे खात्यात येतात, किती दिवसांनी येतात, हेही पाहावे लागते. उत्पन्न आयकराच्या हिशेबात धरावे लागते, तेव्हा पॅन आणि नोंदवही व्यवस्थित हवी.

आणि मग खरा हिशेब मांडला. समज, शंभर जणींनी लिंक पाहिली. तिघींनी चारशे रुपयांची वस्तू घेतली. पाच टक्क्यांनी झाले साठ रुपये. एकीने परत केली, राहिले चाळीस. भाची हसली. म्हणाली, "चाळीस रुपयांत तं दोघं लेकरायच्या वह्याबी येत नाहीत, मामा."

"नाही येत," मी म्हणालो. "हा जोडधंदा आहे. याच्या भरवशावर दुकान बंद करायचे नसते. पण यात भिशीचे पंधरा हजार जात नाहीत आणि जावेशी, नणदेशी, शेजारणीशी वैर येत नाही. बाळापुरात तुला ओळखणाऱ्या दोनशे बाया असतील. त्यांचा भरवसा हे तुझे भांडवल. ते एकदाच मिळते."

शेवटचा नियम तिनेच सुचवला. लिंक पाठवताना आपल्याला त्यात पैसे मिळतात, हे सांगायचे. मी तिला म्हणालो की हे नुसते सौजन्य नाही. जाहिरात क्षेत्राच्या परिषदेने २०२१ साली आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली याविषयी नियम केले आहेत. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने ते उघड सांगितले पाहिजे. तिला नियमांशी कर्तव्य नव्हते. तिने मला विचारले, "मामा, त्या बाईले तुमी सांगतलं होतं का, का तुमच्या शाखेले यात काही भेटते म्हनून?"

मी नव्हते सांगितले.

तो प्रश्न मला झोपू देईना. पंधरा दिवसांनी एसटीने त्या गावी गेलो. बाईंचे वय आता ऐंशीच्या पुढे. घर तेच, ओसरीवर तुळस तीच. त्यांनी मला आवाजावरून ओळखले. चहा झाला. मी सगळे सांगितले. ढालीचेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हा सांगितले असते साहेब, तर मी तुम्हाला आणखी एक प्रश्न विचारला असता. हप्ता किती वर्षे भरायचा, हा."

मी उठलो तेव्हा त्यांनी मुलांसाठी म्हणून चार चिवड्याच्या पुड्या दिल्या. नको म्हणण्याची हिंमत झाली नाही.

भाचीने किट घेतला नाही. भिशीच्या पैशांची पोस्टात ठेव केली. स्वतः वापरून पाहिलेल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या लिंक ती ओळखीच्या बायकांना पाठवते. मिळकत बेताचीच आहे. एखाद्या महिन्यात दोन-तीनशे, एखाद्या महिन्यात काहीच नाही. मध्यंतरी तिच्या जावेने तो किट घेतला. दोघींत थोडे वाजलेही. खोकी अजून जावेच्या माजघरात आहेत.

परवा भाचीचा एक निरोप माझ्याही फोनवर आला. चकलीच्या सोऱ्याचा. खाली लिंक होती. आणि लिंकच्या वर, सगळ्यात आधी, तिने लिहिले होते, "इथून घेतलं तर मले दोन पैसे भेटतात. घरी सोऱ्या असन तर घेऊ नका."

वडिलांची पट्टी आठवली. मी तो निरोप दोनदा वाचला.